गव्हाणीत उरलेली वैरण : चोखंदळ घोड्याच्या हिवाळी आहाराविषयी

घोड्याच्या आहाराची चर्चा निघाली की काय द्यावे, किती द्यावे आणि केव्हा द्यावे हे तीन प्रश्न हटकून विचारले जातात. परंतु समोर ठेवलेले अन्न घोडा खातच नसेल तर त्याचा अर्थ काय लावावा, हा चौथा प्रश्न बहुधा ‘घोडा नखरेल आहे’ एवढ्या एका वाक्यात निकालात काढला जातो. प्रस्तुत ग्रंथ या चौथ्या प्रश्नाला वाहिलेला आहे, आणि तोही वर्षातील ज्या काळात हा प्रश्न सर्वांत अधिक वेळा उभा राहतो त्या काळापुरता, म्हणजे मार्गशीर्षापासून माघापर्यंतच्या थंडीपुरता. ‘चोखंदळ’ हा शब्द येथे ठरावीक अर्थाने वापरला आहे. पुढ्यात पुरेसे आणि खाण्याजोगे अन्न असूनही जो ते हुंगून सोडतो, निवडून खातो, अर्धे टाकतो किंवा आज खाऊन उद्या त्याच अन्नाकडे पाठ फिरवतो, तो चोखंदळ घोडा. घोड्याच्या अन्नाचे दोन भाग पडतात: गवत, कडबा, लसूणघास यांसारखा तंतुमय भाग ती वैरण, आणि हरभरा, जव, ओट, कोंडा यांसारखा दाण्याचा भाग ती चंदी, या दोहोंचे रोजचे बांधून दिलेले प्रमाण म्हणजे रातीब. घोड्याचे न खाणे ही बहुतेक वेळा त्याने दिलेली खबर असते, ती गव्हाणीत उरलेल्या वैरणीत आणि पडलेल्या लिदीत वाचता येते, आणि ती वाचण्याआधी चंदीत गूळ कालवून घोड्याचे मन वळवू पाहणे म्हणजे निरोप न ऐकताच निरोप्याला गप्प करणे होय, ही या ग्रंथाची भूमिका आहे.

ही भूमिका समजण्यासाठी घोड्याच्या पोटाची रचना थोडक्यात ध्यानात घ्यावी लागते, कारण महाराष्ट्रात घोडा पाळणारा माणूस बहुधा गाई-म्हशींच्या गोठ्यातून आलेला असतो आणि गोठ्यातील अनुभव घोड्याच्या ठाणावर जसाच्या तसा चालत नाही. गाय भराभर चारा गिळते आणि मग निवांत बसून रवंथ करते. घोडा रवंथ करीत नाही, त्याला जे चावायचे ते एकदाच चावावे लागते. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान, साधारण 8 ते 15 लिटरचे असते आणि त्यात आम्ल अखंड पाझरत राहते, मग घोडा खात असो वा नसो. वैरणीतील तंतूंचे पचन पुढे मोठ्या आतड्यात, तेथील सूक्ष्मजीवांच्या आंबवण्याच्या क्रियेने होते. या रचनेमुळे मोकळ्या रानातील घोडा दिवसरात्रीतील बहुतांश वेळ थोडेथोडे चरत असतो. ठाणावर बांधलेल्या घोड्याला सकाळ-संध्याकाळ दोनदा भरपूर चंदी आणि मध्ये रिकामी गव्हाण मिळाली, तर आम्ल रिकाम्या जठराच्या भिंतीवर काम करू लागते आणि तेथे व्रण पडतात. असे व्रण असलेला घोडा पुष्कळदा वैरण खातो पण दाणा सोडतो, आणि मालकाला वाटते की त्याला दाण्याची चव आवडली नाही. न खाण्याच्या एका साध्या दिसणाऱ्या प्रकारामागे किती वेगळे कारण असू शकते, त्याचा हा पहिला दाखला.

थंडीचा प्रश्नही असाच उलगडून पाहावा लागतो. प्रत्येक उष्णरक्ताच्या प्राण्याला एक खालची तापमानमर्यादा असते. हवा त्याहून थंड झाली की केवळ अंगातील ऊब टिकवण्यासाठी त्याला जादा अन्न लागते. सौम्य हवेला सरावलेल्या प्रौढ घोड्यासाठी ही मर्यादा साधारण 5 अंश सेल्सियस मानतात. कॅनडासारख्या प्रदेशात थंडीला हळूहळू सरावलेल्या घोड्यांत ती उणे 15 अंशांपर्यंत खाली गेलेली आढळते. नुकत्याच जन्मलेल्या शिंगराला मात्र 20 अंशांच्या आसपासच थंडी बाधू लागते. मर्यादेखाली तापमान एक अंशाने घसरले की प्रौढ घोड्याची उष्मांकांची गरज सुमारे अडीच टक्क्यांनी वाढते, असा सर्वसाधारण हिशेब आहे. वारा सुटला किंवा अंग भिजले तर ही मर्यादा पुष्कळ वर सरकते. या हिशेबातून एक अनपेक्षित गोष्ट निघते: निफाडचा पारा एखाद्या पहाटे 5 अंशांखाली उतरतो आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात हे खरे असले, तरी दख्खनच्या बहुतेक भागांत, बहुतेक रात्री, कोरड्या आणि आडोशाला उभ्या असलेल्या धडधाकट घोड्याला केवळ थंडीपायी फार जादा अन्न लागत नाही. झंस्कारच्या तट्टांना जो हिवाळा साठवलेल्या गवतावर काढावा लागतो, किंवा युरोप-अमेरिकेतील पुस्तके ज्या बर्फाळ महिन्यांविषयी लिहितात, तो हिवाळा येथे नाही. म्हणून तिकडचे आहाराचे तक्ते उचलून इकडे लावले की चंदी उगाच वाढते आणि घोडा ती टाकतो.

मग येथील हिवाळ्यात घोडे खाणे का सोडतात? याचे उत्तर पाण्यापासून सुरू होते. पावसाळ्यात आणि आश्विनापर्यंत घोड्याच्या तोंडी हिरवे गवत असते, ज्याच्या वजनाचा सत्तर ते ऐंशी टक्के भाग पाणीच असतो. मार्गशीर्षात गवत वाळते, कडबा येतो, आणि त्यात पाणी जेमतेम दहा-पंधरा टक्के उरते. म्हणजे ज्या महिन्यांत घोड्याने अधिक पाणी प्यायला हवे, नेमक्या त्याच महिन्यांत हौदातले पाणी पहाटे बर्फासारखे गार असते आणि तहान मंदावते. अमेरिकेत 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थंडीच्या दिवसांत कोमट पाणी मिळालेल्या तट्टांनी गोठण्याच्या बेतातील पाणी मिळालेल्यांपेक्षा सुमारे चाळीस टक्के अधिक पाणी प्यायले, असे आढळले. पाणी कमी पडले की कोरडी वैरण आतड्यात पुढे सरकत नाही, तिचा गोळा बसतो, पोटशूळ उठतो; आणि त्या आधीचे एक-दोन दिवस घोडा केवळ ‘मनापासून खात नाही’ असे दिसत असते. लिदीचे गोळे नेहमीपेक्षा लहान, टणक आणि वरून चकचकीत होतात, संख्येने घटतात. हे ज्याने सकाळी लीद काढताना पाहिले त्याला पुढचे सगळे कळते; ज्याने लीद काढण्याचे काम दुसऱ्यावर सोपवून दिले त्याला ते दिसतच नाही.

दुसरे कारण बाजाराच्या दिनदर्शिकेत आहे. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत, आणि लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाच्या यात्रेत, घोड्यांची मोठी खरेदी-विक्री होते, आणि ती दोन्ही ठिकाणी ऐन थंडीतच होते. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश येथून आलेले जनावर आठवड्याभरात विकले जाऊन टेंपोतून दोन-तीनशे किलोमीटरवरच्या नव्या ठाणावर पोहोचते, जिथे माणूस अनोळखी, शेजारचे जनावर अनोळखी, पाण्याची चव निराळी, आणि गव्हाणीत पूर्वी कधी न पाहिलेला कडबा असतो. घोड्याच्या मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीव जुन्या वैरणीला सरावलेले असतात आणि नव्या वैरणीशी जुळते व्हायला त्यांना दोन-तीन आठवडे लागतात. अशा घोड्याने पहिले काही दिवस खाण्याला तोंड न लावणे यात खरे म्हणजे शहाणपण असते. विकणाऱ्याकडून घोड्यासोबत त्याच्या नेहमीच्या वैरणीचे दोन-चार भारेही मागून आणावेत आणि नवी वैरण त्यात रोज थोडी थोडी वाढवत न्यावी, ही जुन्या जाणत्यांची रीत जवळजवळ मोडल्यात जमा आहे, आणि या ग्रंथाचा तिच्या पुनरुज्जीवनावर सर्वांत अधिक भर आहे. तिसरे कारणही याच दिवसांतले: तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, वरातीची घोडी बँडच्या आणि फटाक्यांच्या गदारोळात रात्री उशिरापर्यंत उभी राहते, घामेजलेल्या अंगाने गार हवेत परतते आणि मध्यरात्री तिच्यापुढे दिवसभराची चंदी एकदम ठेवली जाते. तिने ती हुंगून सोडली तर दोष तिच्या जिभेचा नाही.

या विषयाचा इतिहास भारतात फार जुना आहे आणि त्याचे धागे आजही ठाणावर सापडतात. मराठीत गुरांच्या वैद्याला ‘सालोत्री’ म्हणत, तो शब्द अश्वशास्त्राचा आद्य प्रवर्तक मानल्या गेलेल्या शालिहोत्राच्या नावावरूनच आला. शालिहोत्राच्या परंपरेतील नकुलाचे ‘अश्वचिकित्सित’ आणि जयदत्तसूरीचे ‘अश्ववैद्यक’ हे संस्कृत ग्रंथ घोड्याचा आहार ऋतूशी आणि त्याच्या प्रकृतीशी जोडून पाहतात. आयुर्वेदाच्या मते हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो, म्हणून या ऋतूत स्निग्ध आणि पचायला जड अन्नही सोसते. हाच विचार घोड्यालाही लागू केला गेला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात उत्तम घोड्याच्या रातिबात दोन द्रोण धान्य, तेल, मीठ, दही किंवा मांसरस यांची मापे दिली आहेत, आणि गवताचे माप स्वतंत्रपणे सांगितले आहे. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की अन्नाला रुची यावी म्हणून काय घालावे याचाही त्या रातिबात विचार आहे. म्हणजे घोडा दिलेले सगळे खाईलच असे गृहीत धरण्याची चूक त्या काळच्या अश्वाध्यक्षानेही केलेली नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त घोड्यांच्या लक्षणांना आणि संगोपनाला स्थान मिळाले आहे, आणि दख्खनच्या राजदरबारांत हे ज्ञान किती मुरलेले होते याची त्यावरून कल्पना येते.

मोगलांच्या पागेचा दृष्टिकोन अधिक हिशेबी होता. अबुल फज्लच्या ‘आइन-इ-अकबरी’त खास घोड्याच्या रोजच्या साडेसात शेर खुराकाची नोंद आहे, आणि त्यात हिवाळ्यासाठी स्वतंत्र तरतूद दिसते: थंडीत कच्च्या दाण्याऐवजी शिजवलेली कडधान्ये, आणि हिरवे गवत मिळू लागेपर्यंत रोज अर्धा शेर तूप. तुपाचा हेतू उघड आहे. चंदीचे आकारमान न वाढवता तिच्यातील उष्मांक वाढवण्याचा तो मार्ग होता, आणि ज्या घोड्याला थोडेच खायचे आहे त्याच्या थोड्या घासांत अधिक बळ भरण्याचे हेच तत्त्व आज जवसाचे किंवा सोयाबीनचे तेल देताना वापरले जाते.

मराठ्यांच्या पागेविषयी बोलताना शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातील, चिपळूण परिसरातील छावणीच्या अंमलदारांना लिहिलेले प्रसिद्ध पत्र टाळून पुढे जाता येत नाही. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच मनास येईल तशी उधळली तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे ओढून आणू लागाल, अशी ताकीद त्यात आहे. गवताच्या गंजीजवळ आगट्या करू नयेत, चिलमी ओढू नयेत, दिवा जळता ठेवून निजू नये, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सारी वैरण जळून जाईल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते उतरते. हे पत्र प्रजेवरील ममतेचा पुरावा म्हणून पुष्कळदा वाचले जाते आणि ते योग्यच आहे. पण घोडेपाळाच्या नजरेने पाहता, येणाऱ्या अवघड हंगामाचा विचार आधीचा हंगाम संपण्यापूर्वी करायचा असतो, आणि पागेचा जीव चंदीपेक्षा वैरणीत असतो, हे दोन धडे त्यात स्पष्ट आहेत. कोकणात अवघड हंगाम पावसाळ्याचा होता. आजच्या घोडेमालकासाठी तो हिवाळ्यापासून सुरू होऊन उन्हाळ्यात शिगेला पोहोचतो, आणि वैरणीची गंज तरीही दिवाळीपूर्वीच रचावी लागते.

इंग्रजी अमदानीत लष्करी पागांनी दाण्याचे राज्य आणले. उत्तरेत आणि मुंबई इलाख्यात भरडलेला हरभरा, मद्रासकडे शिजवलेले कुळीथ, आणि त्यावरून कुळथाला इंग्रजीत पडलेले घोड्याच्या नावाचे विशेषण, हा सगळा त्या काळाचा ठसा आहे. ‘पाणी आधी, दाणा नंतर’ हा नियमही लष्करी शिस्तीतून दृढ झाला. 1886 साली मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि सालोत्र्याची जागा पदवीधर पशुवैद्याने घ्यायला सुरुवात केली. याच सुमारास युरोपात आहाराच्या मोजणीचे शास्त्र आकार घेत होते: जर्मनीत एमिल वोल्फ याने, आणि पॅरिसच्या भाड्याच्या गाड्यांना जुंपलेल्या घोड्यांवर लुई ग्रांदो याने, कोणत्या खाद्यातून घोड्याला किती बळ मिळते याचे पद्धतशीर प्रयोग केले.

विसाव्या शतकात या मोजणीचे दोन मुख्य संप्रदाय झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 1949 साली घोड्याच्या पोषणगरजांची पहिली पुस्तिका काढली आणि तिची सहावी सुधारित आवृत्ती 2007 साली आली. हा संप्रदाय पचलेल्या अन्नातील उष्मांक मोजतो. फ्रान्सच्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने त्याऐवजी एक किलो जवातून घोड्याच्या प्रत्यक्ष कामी येणारे बळ हे एकक मानले आणि प्रत्येक खाद्याची त्याच्याशी तुलना केली. दोन्ही पद्धतींनी ज्या गोष्टीवर एकमताने बोट ठेवले ती मात्र मोजणीपेक्षा मोठी आहे: घोड्याच्या आहाराचा पाया वैरण हाच आहे, आज सर्वसाधारणपणे देहाच्या वजनाच्या किमान दीड टक्का कोरडी वैरण रोज पोटात गेली पाहिजे असे मानतात, म्हणजे 400 किलोच्या घोड्याला 6 किलो, आणि त्यानंतर उणीव उरली तरच दाण्याचा विचार करावा. शिवाय वैरण आंबताना मोठ्या आतड्यात ऊब निर्माण होते, म्हणून थंडीच्या रात्री चंदीची मूठ वाढवण्यापेक्षा गवताची एक पेंढी अधिक टाकणे घोड्याला जास्त उबदार ठेवते.

याच काळात घोड्याची तब्येत डोळ्यांपेक्षा हाताने जोखण्याचे शास्त्रही तयार झाले. 1983 साली टेक्सासमधील संशोधक हेनेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मान, खांदा, बरगड्या, पाठ आणि शेपटीचे मूळ येथील चरबी चाचपून 1 ते 9 असा गुण देण्याची पद्धत मांडली. हिवाळ्यात तिचे मोल वाढते, कारण थंडीत घोड्याच्या अंगावर दाट केस येतात, ते उभे राहतात आणि रोडावलेला घोडा भरलेला दिसतो. खरारा करताना तळहात बरगड्यांवर सपाट ठेवून हलकेच मागे ओढला की खरे काय ते कळते: बरगड्या दिसत नाहीत पण बोटांना सहज लागतात, ही चांगली स्थिती, दोन बरगड्यांमधल्या खाचेत बोट उतरू लागले तर पंधरवडाभर घोड्याच्या पोटाला कमी पडते आहे आणि झुलीखाली ते झाकले गेले आहे. ज्या ठाणावर झूल रात्री घालतात आणि सकाळी काढत नाहीत, तेथे ही गोष्ट सर्वांत उशिरा लक्षात येते.

सर्वांत तरुण संप्रदाय वर्तनशास्त्राचा आहे आणि चोखंदळपणाचा प्रश्न थेट त्यानेच हाती घेतला. ब्रिटनमध्ये 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तबेल्यातील घोड्यांना पंधरा वेगवेगळ्या स्वादांची चंदी देऊन पाहिली, तेव्हा त्यांची पसंती मेथी, केळे, चेरी, रोझमेरी, जिरे, गाजर, पुदिना आणि ओरेगॅनो या क्रमाने लागली. मेथी पहिली आणि जिरे पहिल्या पाचांत. आपल्याकडचे मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे सेवक, घोड्याच्या मसाल्यात मेथी, ओवा, जिरे, सुंठ आणि काळे मीठ का कुटत आले, याला येथे अनपेक्षित दुजोरा मिळतो. दुसऱ्या एका प्रकारच्या प्रयोगांतून असे दिसले, की एखादे खाद्य खाल्ल्यावर लगेच पोटात दुखले तर घोडा त्या खाद्याची चव लक्षात ठेवून पुढे ती टाळतो, पण त्रास उशिरा झाला तर त्याचा संबंध त्याला लावता येत नाही. म्हणूनच औषधाची पूड चंदीत मिसळून देण्याचा प्रघात अंगलट येतो. घोडा औषधाबरोबर चंदीलाही नाकारू लागतो आणि तो नकार कित्येक आठवडे टिकतो.

तरीही चवीचा विचार सर्वांत शेवटी करावा, यावर हा ग्रंथ ठाम आहे. त्याआधी दात पाहावेत. घोड्याच्या दाढा आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहतात आणि झिजताना त्यांच्या कडांना धार येते. त्या गालाला आणि जिभेला कापतात. असा घोडा कडब्याचा घास चघळतो, मान एका बाजूला तिरकी करतो, आणि थोड्या वेळाने गव्हाणीत बोटभर लांबीचा, लाळेने ओला, दोरीसारखा पिळलेला चोथा पडतो. हा चोथा ज्याने एकदा पाहिला तो पुन्हा कधी त्याला ‘सांडलवंड’ म्हणून झाडून टाकणार नाही. त्यानंतर पाणी, मग वैरणीचा प्रकार आणि वास, मग जठर, मग जंत, मग शेजारी कोण बांधला आहे आणि तो गव्हाणीवर दांडगाई करतो का, आणि हे सगळे निस्तरल्यावर मेथी.

वैरण पाहताना तर फार सावध राहावे लागते, कारण गोठ्यातून ठाणावर येणाऱ्या चुका येथेच घडतात. कडब्याची पाने खाऊन जाड ताटे टाकणारा घोडा चोखंदळ नाही. ती ताटे त्याच्या दातांसाठी आणि आतड्यासाठी नाहीतच, आणि ती उरली तर त्याचे योग्यच चालले आहे. हिरवी ज्वारी किंवा सुदान गवत दीर्घकाळ खाल्लेल्या घोड्यांत मूत्राशयाचा ताबा जाणे आणि मागचे पाय लुळे पडणे हा विकार आढळतो, जो गाईत दिसत नाही. नीट वाळलेल्या कडब्यात हा धोका कमी असतो. गळीत हंगामात पश्चिम महाराष्ट्रात उसाचे वाढे स्वस्त मिळते आणि घोडा ते आवडीने खातो, पण त्यातील ऑक्झलेट शरीरातील कॅल्शियमला बांधून ठेवते. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहा पट असतो, त्यामुळे थंडीत रोज गरम कोंड्याचा लगदा देण्याची मायेपोटी रूढ झालेली रीत महिनोन्‌महिने चालली तर घोड्याची हाडे पोखरते. बुरशी धरलेला मका त्याच्या मेंदूवर घाला घालतो. आणि गुरांच्या काही तयार पशुखाद्यांत घातले जाणारे मोनेन्सिन हे औषध घोड्याला अल्प प्रमाणातही मारक ठरते. शेजारच्या गोठ्यातील पोत्यातून घेतलेली दोन ओंजळी पशुखाद्य घोड्याने हुंगून सोडली, तर त्या दिवशी त्याच्या चोखंदळपणाने त्याचा जीव वाचवला असे समजावे.

आजच या विषयावर मराठीत ग्रंथ का हवा, याची कारणे वर्तमानातच आहेत. 2019 च्या पशुगणनेत देशातील घोडे आणि तट्टे यांची संख्या सुमारे 3.4 लाख भरली, 2012 च्या तुलनेत ती जवळजवळ निम्म्यावर आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2015 च्या निकालानंतर मुंबईतील व्हिक्टोरिया घोडागाड्या थांबल्या. संख्या घटली की तिच्याबरोबर मोतद्दारांच्या पिढ्याही संपतात, आणि लिदीच्या रंगावरून रोग ओळखणारा डोळा कोणत्याही पदविकेतून परत मिळत नाही. दुसरीकडे नव्याने घोडा घेणारा वर्ग वाढतो आहे: शर्यतीच्या नव्हे तर हौसेच्या, नाचाच्या, सवारी-शिक्षणाच्या घोड्यांचा. भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून अलीकडे राष्ट्रीय पातळीवर नोंद झाल्याने देशी घोड्यांकडे लक्ष वळले आहे आणि ती मनापासून आनंद वाटावा अशी गोष्ट आहे. पण भीमथडी तट्टू ज्या माळरानाच्या गवतावर शतकानुशतके तगले, त्याला आयात केलेल्या भारी जातींच्या घोड्याची चंदी लावली तर ते लठ्ठ होऊन खुरांच्या दाहाने लंगडेल. ज्वारीचे क्षेत्र आक्रसत गेल्याने चांगला पानेदार कडबा मिळणेही दर वर्षी कठीण होत चालले आहे. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे मोटारींना बंदी आहे आणि घोडा हे अनेकांच्या चरितार्थाचे साधन आहे, तिथे वैरणीचा प्रत्येक भारा खालून वर न्यावा लागतो. तिथल्या घोडेवाल्यासाठी गव्हाणीत वाया गेलेली पेंढी ही थेट घरखर्चातून गेलेली रक्कम असते.

प्रस्तुत ग्रंथ अशा वाचकासाठी लिहिला आहे, ज्याच्याकडे एक ते चार घोडे आहेत, जवळ घोड्याचा पशुवैद्य सहज मिळत नाही, आणि ज्याला तक्त्यांपेक्षा रोजच्या कामाचा क्रम हवा आहे. त्यामुळे त्यात पोषणशास्त्राची मांडणी असली तरी ती नेहमी ठाणाकडून ग्रंथाकडे जाते, ग्रंथाकडून ठाणाकडे नव्हे: आधी गव्हाणीत काय उरले, मग त्यामागे काय असू शकते, मग त्यासाठी शास्त्र काय सांगते. जुन्या परंपरेतील उपाय त्यात मानाने आले आहेत, पण केवळ जुने म्हणून नव्हे. मेथी आणि मीठ टिकले, रोजचा कोंडा टिकला नाही. पशुवैद्याची जागा घेण्याचा दावा ग्रंथ करीत नाही. घोड्याने वैरण आणि पाणी दोन्ही सोडले, तो वळून वळून आपल्या कुशीकडे पाहू लागला, जमीन खुराने उकरू लागला किंवा काही तासांत लीदच पडली नाही, तर पुस्तक मिटून ताबडतोब डॉक्टरांना फोन करावा, असे त्यात एकाहून अधिक ठिकाणी सांगितले आहे आणि ती पुनरुक्ती जाणीवपूर्वक ठेवली आहे.

ग्रंथाच्या अखेरीस नोंदीसाठी रेघा आखलेली कोरी पाने जोडली आहेत, मार्गशीर्ष प्रतिपदेपासून माघ अमावास्येपर्यंतच्या प्रत्येक दिवसासाठी एक ओळ. प्रत्येक ओळीत पाचच रकाने आहेत: रात्री किती वैरण टाकली, पहाटे किती उरली, त्यातली पाने उरली की ताटे, हौदातले पाणी किती बोटे उतरले, आणि लिदीचे गोळे किती व कसे. हे रकाने भरायला पाच मिनिटे लागतात आणि ते झाडण्यापूर्वी भरायचे असतात, म्हणून पेन्सिल दोरीने गव्हाणीच्या खुंटीलाच बांधून ठेवावी.